पाण्याखालच्या ड्रोनने गोव्यात बुडालेलं जहाज सापडेल का? थोडं सविस्तर सांगतो

प्रश्न असा आहे. म्हापशाकडच्या चार इंजिनिअरिंगच्या मुलांनी स्वतः पाण्याखालचा छोटा ड्रोन बनवलाय, कॅमेरा आहे, दोन लाइट आहेत, शंभर मीटर वायर आहे. आजोबांकडून ऐकलंय की मुरगावच्या तोंडाशी जुनं पोर्तुगीज जहाज बुडालेलं आहे. तर हा ड्रोन घेऊन ते शोधता येईल का, सेन्सर कुठला आधी घ्यावा, एआयने ओळखता येईल का, आणि काही मिळालं तर वर काढायचं का.

मी वीसेक वर्षं या किनाऱ्यावर समुद्रतळाचे सर्वे करतोय. बंदराचं काम, केबलचं काम, पोट त्यावर चालतं, आणि मधेमधे पुरातत्त्ववाल्यांबरोबर जायला मिळतं, त्या कामाला मी कधीच नाही म्हटलेलं नाही. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी मुलांनो तुमचं कौतुक, घरी बसून वॉटरप्रूफ खोका बनवणं आणि त्यात पाणी न शिरू देणं हेच अर्धं काम असतं. पण नुसता ड्रोन घेऊन शोधायला निघालात तर जहाज सापडणार नाही, हे आत्ताच सांगतो म्हणजे पेट्रोलचे पैसे वाचतील. हिशोब करून बघा ना. मुरगावच्या आसपास चांगल्या दिवशी दोन-तीन मीटर दिसतं, तुमचा कॅमेरा एका वेळी दोन मीटर रुंदीची पट्टी बघणार. एक चौरस किलोमीटर तळ बघायचा तर अशा पाचशे पट्ट्या, म्हणजे पाचशे किलोमीटर ड्रोन चालवायचा, सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने ते पावणेतीनशे तासांच्या वर जातं, दिवसाला सहा तास धरले तरी दीड महिना. तेवढाच एरिया साइड स्कॅन सोनारने (आवाजाने तळाचं चित्र काढणारं यंत्र), पन्नास-पन्नास मीटरवर लाइन धरून, पुन्हा प्रत्येक जागा दोन बाजूंनी बघून, एका सकाळी होतो. म्हणून शोधायचं काम आवाजाचं, आणि सापडलेलं जवळून बघायचं काम कॅमेऱ्याचं. कळंगुटच्या बीचवर रात्री चावी हरवली तर टॉर्च घेऊन अख्खा बीच कोण फिरतं, आधी आठवतो ना आपण, की कुठे बसलो होतो.

हे आठवण्याचं काम इथं मच्छीमार करतात. मी कुठल्याही नव्या एरियात मशीन उतरवायच्या आधी खारीवाड्याच्या जेटीवर दोन-तीन संध्याकाळी बसतो. जाळं कुठे अडकतं हे तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, पाठ असतं कारण तिथं त्याचे पैसे गेलेले असतात. एका वयस्क तांडेलाने मला एकदा हात लांब करून दाखवलं होतं, अमक्या चर्चचं टोक आणि मागच्या डोंगराची खाच एका रेषेत आली की उजवीकडे बघायचं, मग दुसरी खूण दुसऱ्या बाजूला, दोन रेषा जिथे कापतात तिथे त्याच्या वडिलांचंही जाळं फाटलेलं. जीपीएसने जाऊन बघितलं तर त्याचा पॉइंट आणि आमच्या सोनारवरचं टार्गेट यांत चाळीस मीटरचंसुद्धा अंतर नव्हतं. तिथे खडप, म्हणजे पाण्यातला खडक, निघालं, जहाज नव्हे, पण इतकी अचूक जागा माणूस डोक्यात तीस वर्षं ठेवतो हे मी विसरलेलो नाही. तेव्हा पहिला सेन्सर हा, आणि त्याला चार्जिंग लागत नाही.

गोव्यात काय काय सापडलंय ते थोडक्यात सांगतो, म्हणजे काय शोधतोय ते कळेल. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८१ साली सागरी पुरातत्त्वाचं काम एस. आर. राव यांनी सुरू केलं, लोथलचं उत्खनन केलेले तेच राव, आणि द्वारकेच्या समुद्रातलं काम त्यांच्याच लोकांनी केलं. गोव्यात त्याच संस्थेच्या डायव्हर-संशोधकांनी सुंची रीफ, सेंट जॉर्ज रीफ आणि अमी शोल्स अशा जागा तपासल्या. सुंची रीफवर सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातल्या पोर्तुगीज व्यापारी जहाजाचा माल मिळाला, तोफ, नांगर, चिनी मातीची भांडी, मर्तबानं (आपण लोणच्याच्या बरणीला म्हणतो तेच, बर्मातल्या मार्ताबान बंदरावरून नाव पडलेलं), आणि हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात. आफ्रिकेचा माल गोव्याच्या तोंडाशी येऊन बुडाला, बंदर समोर दिसत असताना. सेंट जॉर्ज रीफवर बासेल मिशनच्या कारखान्याची कौलं आणि विटा, त्यांवर १८६५ हा आकडा, म्हणजे जहाज त्यानंतरचं. आणि अमी शोल्सवर वाफेच्या इंजिनाचं जहाज, बॉयलर वगैरे.

आता हेच तीन घेऊन सेन्सर समजून घ्या, कारण कुठला सेन्सर घ्यावा हा प्रश्न अर्धवट आहे, काय शोधायचंय ते आधी ठरतं.

साइड स्कॅन म्हणजे टॉर्पेडोसारखा दिसणारा एक छोटा मासा बोटीमागे ओढायचा, आम्ही त्याला फिशच म्हणतो, तो दोन्ही बाजूंना आवाज फेकतो आणि तळावरून परत आलेल्या आवाजाचं चित्र बनवतो. कडक वस्तू उजळ दिसते, आणि तिच्या मागे आवाज पोचत नाही म्हणून काळी सावली पडते. नवशिका उजळ भागाकडे बघतो, सरावलेला माणूस सावलीकडे बघतो. सावलीवरून उंची निघते: फिश तळापासून पाच मीटर वर आहे, सावली दोन मीटर लांब आहे आणि सावलीचं टोक फिशपासून वीस मीटरवर आहे, तर पाच गुणिले दोन भागिले वीस, वस्तू अर्धा मीटर उंच. मी अजूनही कागदावर करून बघतो. तोफ कशी दिसते सांगू? बोटाच्या पेराएवढी उजळ रेघ, एका टोकाला किंचित जाड, आणि सावलीची कड सरळ. निसर्गात सरळ कड कमी असते. आपला जांभा दगड मात्र फार फसवतो, फुटतो तेव्हा कोपरे असलेले तुकडे पडतात आणि स्क्रीनवर ते भिंतीसारखे, पेटीसारखे दिसतात. फ्रिक्वेन्सी वाढवली, चारशे-नऊशे किलोहर्ट्झ, की चित्र बारीक येतं पण लांबचं दिसत नाही, शंभरला लांबचं दिसतं पण ढोबळ. आधी ढोबळ फिरा, मग टार्गेटवर परत बारीक.

अमी शोल्ससारखं बॉयलरवालं जहाज साइड स्कॅनला लगेच दिसतं. सुंचीसारख्या खडपावरचा विखुरलेला माल मात्र दगडात दगड होऊन जातो, आणि खोली तीन ते सहा मीटर, वर लाट फुटतेय, तिथे फिश ओढायची हिंमत कोणी करत नाही. तिथे मॅग्नेटोमीटर, आमच्या भाषेत मॅग. पृथ्वीचं चुंबकक्षेत्र गोव्यात चाळीस हजार नॅनोटेस्लाच्या आसपास असतं, त्यात लोखंडामुळे पाच-दहाचा फरक पडला तरी मॅग सांगतो, पण अंतराची भयंकर शिक्षा आहे, अंतर दुप्पट झालं की सिग्नल आठपट कमी. म्हणून मॅग तळाच्या जवळ न्यावा लागतो आणि बोटीच्या इंजिनापासून लांब, किमान बोटीच्या तीन-चार लांबी मागे, फायबरची बोट असेल तर उत्तम. मुरगावला अडचण अशी की बंदराच्या आसपास लोखंडाचा कचरा अतोनात आहे. साखळ्या, वायर रोप, बार्जचे नांगर, आणि १९४३ च्या मार्चमध्ये याच बंदरात जर्मन आणि इटालियन जहाजांच्या खलाशांनी आपली जहाजं स्वतःच पेटवून बुडवली, तो इतिहास वेगळाच. आम्ही एकदा सुंदर अनोमली, म्हणजे मॅगवरचा वेगळा फरक, पकडली, दोन दिवस सगळे खूश, डायव्हर उतरला तर बार्जची साखळी, नवीकोरी म्हणावी अशी. राग येत नाही आता, दहातली नऊ अशीच निघतात आणि ती नऊ बघितल्याशिवाय दहावी येत नाही.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. भाजलेल्या मातीतही चुंबकत्व राहतं. भट्टीत वीट किंवा कौल तापून थंड होताना त्यातल्या लोहकणांत त्या वेळचं चुंबकक्षेत्र गोठतं. म्हणून कौलांनी भरलेलं जहाज, लाकूड सगळं किड्यांनी खाल्लेलं असलं तरी, ढिगाऱ्याच्या रूपात मॅगला हलकं का होईना पण जाणवू शकतं. आणि हस्तिदंत? ते कुठल्याच सेन्सरला जाणवत नाही. सोनारला तो एक वाकडा दगड, मॅगला काहीच नाही. सुंचीचे सुळे माणसाच्या डोळ्याने सापडले, हाताने वाळू बाजूला करून. मशीन लावली की सगळं कळतं असं वाटायला लागलं की मी हे सुळे आठवतो.

तिसरं यंत्र सब-बॉटम प्रोफाइलर, ते चिखलाच्या आत बघतं, कमी फ्रिक्वेन्सीचा आवाज खाली घुसवून. तुम्हाला वाटेल हेच सगळ्यात भारी, कारण आपल्या उबदार पाण्यात उघडं लाकूड पोखरकिडे काही वर्षांत संपवतात, टिकलेलं असेल ते चिखलाखालीच. बरोबर आहे. पण गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या मऊ गाळात बऱ्याच ठिकाणी वायू अडकलेला आहे, कुजलेल्या सेंद्रिय मालातून तयार झालेला, आणि प्रोफाइलरचा आवाज त्या थराला आपटला की खालचं सगळं पुसल्यासारखं होतं. पैसे देऊन यंत्र भाड्याने आणायचं आणि स्क्रीनवर नुसता धुरळा. म्हणून मी हे शेवटी ठेवतो, आणि तेही छोट्या चौकोनात.

आता मला जे खरं सांगायचंय ते. हे सगळे सेन्सर एका गोष्टीवर उभे आहेत, ती म्हणजे जागा. वस्तू कुठे आहे. वर रस्त्यावर आपल्याला जागेची किंमत कळत नाही कारण खिशातल्या फोनला सगळं माहीत असतं. पाण्यात रेडिओ लहरी शिरत नाहीत, जीपीएस बंद, वायफाय बंद, ड्रोन पाण्याखाली गेला त्या क्षणापासून तो कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही, त्यालाही नाही.

एक प्रसंग सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी एका छोट्या सर्वेत आम्हाला फार देखणं टार्गेट मिळालं, लांबट, सरळ कडा, शेजारी दोन गोल डाग. पॉइंट काढला, बॉय (तरंगणारी खूण) टाकला, डायव्हर उतरला. वाळू. दुसरा उतरला. वाळू. दुसऱ्या दिवशी गोल गोल फिरून शोधलं, तरी वाळू. बोटीवर शांतता. तिसऱ्या दिवशी मी लाइनी पुन्हा उघडून बसलो तेव्हा दिसलं की उत्तरेकडे जाताना जे टार्गेट दिसलं होतं तेच शेजारच्या लाइनवर दक्षिणेकडे येताना एकशेवीस मीटर सरकून दिसतंय. एक वस्तू दोन जागी असू शकत नाही. शोधत गेलो तर सोनारच्या लॅपटॉपचं घड्याळ जीपीएसच्या मागे होतं, तीस सेकंद. बोट सेकंदाला दोन मीटर चालत होती, तीस सेकंदात साठ मीटर, जाताना साठ एका बाजूला, येताना साठ दुसऱ्या बाजूला. दोन्हीच्या मधोमध पॉइंट घेतला आणि डायव्हर पहिल्याच डाइव्हला त्याच्यावर उतरला. (होडीचं जुनं सामान होतं, शे-दीडशे वर्षांचं नव्हे. तरी त्या दिवशी आम्ही वास्कोला जाऊन जेवलो.)

तेव्हापासून माझा नियम आहे, लाइनी नेहमी उलटसुलट मारायच्या आणि ओळखीच्या एका खडपावरून दोन्ही दिशांनी आधी जायचं. घड्याळाची चूक असो की फिश बोटीमागे किती दोरीवर आहे त्या अंतराची चूक असो, दुप्पट होऊन समोर येते. एकाच दिशेने लाइनी मारल्या तर चूक सगळीकडे सारखी सरकते आणि चित्र अगदी सुबक जुळतं, कोणाला संशयसुद्धा येत नाही.

तुमच्या ड्रोनसाठी जागा कळायचे मार्ग तीन. पहिला, बोटीच्या तळाला एक ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारं आणि ऐकणारं यंत्र) आणि ड्रोनवर छोटा बीकन, आवाजाने दिशा आणि अंतर मोजायचं, याला यूएसबीएल म्हणतात, महाग आहे. दुसरा, तळाकडे आवाज सोडून स्वतःचा वेग मोजणारा डीव्हीएल, त्यावरून किती चाललो याचा हिशोब ड्रोनच ठेवतो, पण चूक साठत जाते, म्हणून अधूनमधून वर येऊन जीपीएस घ्यावं लागतं. दोनापावलच्या संस्थेने बनवलेलं माया नावाचं स्वयंचलित यान, साधारण पावणेदोन मीटर लांब, तेही वर आलं की जीपीएस घेतं. ते बनवलंय समुद्राच्या पाण्याची मोजमापं घ्यायला, पुरातत्त्वाला नव्हे, पण विद्यार्थ्यांनी बघण्यासारखं आहे, आपल्या गोव्यात बनलंय. तिसरा मार्ग गरिबाचा आणि मला आवडणारा: तळावर चार कोपऱ्यांना वजनं ठेवून दोरीने चौकोन आखायचा, कोपऱ्यांवर बॉय, बॉयवर जीपीएस, आणि ड्रोनने त्या चौकोनाच्या आतच काम करायचं. भांगाच्या दिवशी, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यात करा, उधाणाला बॉय वाहत्या पाण्याने तिरका होतो आणि कोपरा वर एका जागी, खाली दुसऱ्या जागी.

आवाजावर जागा मोजताना अजून एक गोव्याची खास अडचण. आपल्याकडे मांडवी आणि जुवारी गोडं पाणी आणून ओततात. उबदार खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला १५४० मीटरच्या आसपास जातो, तेवढ्याच उबदार गोड्या पाण्यात १५०० च्या आसपास. पावसाळा संपल्यावर मुखाशी वर गोडं खाली खारं असे थर असतात आणि आवाज त्या सांध्यावर वाकतो. मल्टिबीम (एकाच वेळी रुंद पट्ट्याची खोली मोजणारा सोनार) केलं तर सपाट तळ कडांना वर उचललेला दिसतो, ताटासारखा. म्हणून दिवसातून दोन-तीनदा पाण्यातल्या आवाजाचा वेग मोजणारी नळी वरून खालपर्यंत सोडावी लागते. ऑक्टोबरमध्ये चार वेळा.

जागेबद्दल इतकं का बोलतोय याला दुसरं कारणही आहे. पुरातत्त्वात वस्तूपेक्षा ती कुठे आणि कशाच्या शेजारी होती हे मोठं असतं. लिस्बनजवळ १६०६ मध्ये हिंदुस्थानातून परत जाताना एक जहाज बुडालं, नोसा सेन्योरा दुश मार्तिरिश, त्याच्या अवशेषांभोवती काळ्या मिरीचा थर मिळाला. आपल्या किनाऱ्यावरची मिरी, चारशे वर्षं पाण्यात. कोणी तोफा उचलायच्या घाईत तो गाळ उपसून टाकला असता तर जहाज कुठून आलं याचा सगळ्यात बोलका पुरावा वाहून गेला असता. आणि अंटार्क्टिकाजवळचं एन्ड्युरन्स जहाज बघा. १९१५ मध्ये बुडालं तेव्हा कॅप्टन वर्स्लीने सेक्स्टंटने जागा लिहून ठेवली होती, २०२२ च्या मार्चमध्ये ३००८ मीटर खोलीवर रोबोटला जहाज मिळालं ते त्या नोंदीपासून चारेक नॉटिकल मैलांवर. बर्फात अडकलेल्या माणसाने वहीत लिहिलेली नोंद शंभर वर्षांनी कामी आली. वही लिहा.

अशा खोल जागी रोबोटशिवाय पर्याय नसतो हे खरंच आहे. काळ्या समुद्रात दोन किलोमीटर खाली चोवीसशे वर्षांपूर्वीचं ग्रीक जहाज उभ्या डोलकाठीसकट मिळालं, तिथे खोल पाण्यात ऑक्सिजन नाही म्हणून किडा नाही म्हणून लाकूड शाबूत. फ्रान्सजवळ ला लून नावाचं, १६६४ ला बुडालेलं चौदाव्या लुईच्या आरमाराचं जहाज शंभरेक मीटरवर आहे, त्यावर २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या ओशनवन रोबोटने छोटं भांडं हळूच उचललं, वर बोटीत बसलेल्या माणसाच्या हाताला त्याचा दाब जाणवत होता. बघून अंगावर काटा येतो. पण आपली जहाजं थोड्याच मीटरवर, गढूळ पाण्यात, लाटेच्या माऱ्यात आहेत. आपल्याला हाताची गरज नाही, डायव्हर आहेत. आपल्याला न दमता एकसारखे फोटो काढणारा कोणीतरी हवाय, आणि तुमचा ड्रोन तेवढं नक्की करू शकतो.

फोटोंवरून थ्रीडी मॉडेल बनवायचं, फोटोग्रामेट्री, त्याचं गणित असं. दोन मीटर दिसतंय तर तळापासून एक मीटरवर चालवा, एका फोटोत मीटरभर जागा येईल, शेजारच्या लाइनशी साठ टक्के ओव्हरलॅप ठेवायचा म्हणजे चाळीस सेंटीमीटरवर पुढची लाइन. वीस बाय तीस मीटरच्या जागेला पन्नास लाइनी, दीड किलोमीटर, सेकंदाला पाव मीटर वेगाने शंभर मिनिटं. मग आडव्या लाइनी वेगळ्या. डायव्हरला हे एका टाकीत जमत नाही आणि तो थकला की लाइन वाकडी होते. लाइट कॅमेऱ्याच्या शेजारी लावले असतील तर ते आधी काढा आणि हात लांब करून बाजूला लावा, नाहीतर पाण्यातला प्रत्येक कण चमकतो आणि फोटोत नुसतं बर्फ पडतंय. लाल रंग पाच-सहा मीटरवर बहुतेक संपतो, त्यामुळे गंजलेली तोफ आणि शेवाळलेला दगड एकाच रंगाचे दिसतात, लाइट म्हणून जवळून हवा. हलणारं शेवाळ असेल तर सॉफ्टवेअर गोंधळतं, ते मान्य करून पुढे जा.

वायर हा मोठा धोका आहे. खडपावर जुनी तुटलेली जाळी लटकलेली असतात, नायलॉनची, पाण्यात दिसत नाहीत. आमचा एक आरओव्ही (वायरवर चालणारा पाण्याखालचा रोबोट) अशा जाळ्यात गेला, त्याच्या थ्रस्टरने, म्हणजे पुढे ढकलणाऱ्या पंख्याने, दोरा आत ओढला, आणि तीन तासांनी डायव्हरने चाकूने सोडवला. तरंगणारी वायर घ्या, आणि एक माणूस फक्त वायर धरायला ठेवा, त्याने दुसरं काहीही करायचं नाही, फोनसुद्धा बघायचा नाही.

एआयबद्दल थोडक्यात. मी वापरतो, हजारो सोनार चित्रांतून रिकामी वाळू बाजूला काढायला फार उपयोगी आहे. पण त्याला शिकवलेलं असतं दुसऱ्या समुद्रांच्या तळावर आणि बहुतेक मोठ्या लोखंडी जहाजांवर. आपला फुटका जांभा बघितला की ते प्रत्येक कोपऱ्यावर चौकट काढत सुटतं. तुम्ही मुलं या बाजूची आहात तर इथल्या तळाची चित्रं जमवून, डायव्हरने बघून काय निघालं ते प्रत्येकासमोर लिहून, असा साठा बनवा. दगड निघाला तरी दगड म्हणून लिहा. त्याची गरज आहे.

आणि काही सापडलं तर वर काढायचं नाही. हे मी हात जोडून सांगतो. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, हा एक भाग झाला. दुसरा भाग म्हणजे समुद्रात चारशे वर्षं राहिलेल्या लोखंडात मीठ आतपर्यंत मुरलेलं असतं, बाहेर हवेत काढलं की ते पापुद्रे होऊन सुटतं, ते थांबवायला महिने, कधी वर्षं टाकीत ठेवून मीठ काढावं लागतं. हस्तिदंत वाळला की तडकतो. मी किनाऱ्यावरच्या एका घराच्या अंगणात तोफेचा गोळा बघितलाय, कोणीतरी हौसेने आणलेला, हात लावला तर वरचं कवच नानकटाईसारखं हातात आलं. कुठून आणला विचारलं तर सांगता येईना. तो गोळा पाण्यात होता तेव्हा जहाजाचा भाग होता. फोटो काढा, पॉइंट लिहा, खोली लिहा, वेळ लिहा, आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याला आणि दोनापावलला कळवा. पॉइंट इन्स्टाग्रामवर टाकू नका, पुढच्या रविवारी तिथे दहा बोटी असतील.

परवानगीचंही बघा. मुरगावला बंदराची हद्द आहे, नेव्ही आहे, न विचारता यंत्र सोडलं तर जप्त होईल आणि त्यांचं चुकणार नाही. मासेमारी बंदी जून-जुलैत असते तेव्हा समुद्र तसाही जाऊ देत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी, मतलई वारा पडायच्या वेळी पाणी सगळ्यात शांत असतं, अकराच्या पुढे समुद्रावरचा वारा सुरू झाला की गुंडाळा.

आजोबांच्या जहाजाआधी एक काम करा. ग्रांडे आयलंडजवळ टुरिस्ट डायव्हर जातात ती बुडालेली आगबोट आहे, सुझीज रेक म्हणतात, जागा सगळ्यांना माहीत आहे. डायव्हिंगवाल्या एखाद्या बोटीशी बोला, त्यांच्याबरोबर जा, आणि पाच बाय पाच मीटरचा एकच चौकोन मॉडेल करा. पुढच्या नोव्हेंबरला तोच चौकोन पुन्हा. दोन मॉडेल एकावर एक ठेवलीत की पावसाळ्यात वाळू किती सरकली, कुठला पत्रा पडला, अँकर कुठे घासला, हे सेंटीमीटरमध्ये दिसेल, आणि तुमची चूक किती आहे तेही दिसेल. स्केल बार, म्हणजे फोटोत माप कळावं म्हणून ठेवायची पट्टी, घरीच बनवा, पीव्हीसी पाइप बरोबर अर्धा मीटर कापून काळे-पांढरे पट्टे मारा, दोन पुरतील, आणि आत वाळू भरून टोकं बंद करा, नाहीतर पहिल्याच लाटेला फ्रेममधून निघून जातील.